हूक खाली कधी ठेवायचा?

"पटत नसेल तर सोडून दे की नोकरी." हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकाल त्याच्या घरात पुढच्या तीन महिन्यांचं रेशन भरलेलं आहे, हे पक्कं समजा. परवा एका कविसंमेलनात एका सद्गृहस्थानं मला हेच ऐकवलं. वर म्हणाला, कवीनं गुलामी करू नये. कवीला भूक लागत नाही असं ह्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक!

मी गोदीत खपतो. मॅट्रिक झालोय. ठेकेदाराचा माणूस. पाळी भरली तर हजेरी, हजेरी लागली तर पैसे. प्यायचं पाणी लांब, संडास त्याहून लांब. हातमोजे मागितले तर मुकादम विचारतो, लग्नाला चाललायस काय? हे सगळं वाईट आहे. पण एवढ्यावर नोकरी सोडायची काय? मी म्हणतो, नाही. ह्याच्यावर भांडायचं. तू हातमोज्यासाठी निघून गेलास तर मालकाचं काय गेलं? उद्या सकाळी गेटवर आपल्याच वस्तीतला, आपल्याहून उपाशी पोरगा उभा असतो. त्यालाही हातमोजे नाहीतच. फक्त बोंब मारणारा एक कमी झाला. मालकाला ह्याच्याहून स्वस्त सौदा कुठला?

पण एक जागा अशी आहे, तिथं भांडत बसायलाही वेळ नसतो. लाकडाचे ओंडके, लोखंडाचं भंगार, कोळसा असला माल बंद होल्डमध्ये पडून राहिला की तो आतला प्राणवायूच खाऊन टाकतो. वास नाही, धूर नाही, काही नाही. शिडीवरून उतरणारा माणूस मधेच हात सोडतो आणि त्याला काढायला धावलेला दुसराही तिथंच पडतो. म्हणून आधी होल्ड उघडून वारा द्यायचा, मीटर लावून हवा तपासायची, मगच माणूस उतरवायचा. आमचा ठेकेदार म्हणतो, मीटर कशाला, कालच तर उघडलाय. अशा वेळी घरचं रेशन आठवायचं नाही. उतरायचं नाही. सगळ्या टोळीनं उतरायचं नाही. हे नोकरी सोडणं नव्हे, ही मरणाला दिलेली सुट्टी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८१ चा १५५ नंबरचा करार आहे. त्याचं १३ वं कलम म्हणतं, जीवावरचा धोका समोर दिसतोय म्हणून कामावरून बाजूला झालेल्या कामगाराला त्याची शिक्षा होता कामा नये. आपल्याकडं २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी श्रमसंहिता लागू झाली. तिनं धोका मालकाला आणि निरीक्षकाला कळवायचा हक्क दिलाय. कळवा! साहेब येईस्तोवर माणूस होल्डात. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना तीस लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०२३ साली सांगितलं. चांगलं केलं. पण ते मेल्यावर. जिता असताना त्याला 'मी उतरत नाही' एवढं म्हणता आलं असतं तर?

१४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं भरलेली होती. शेकडो माणसं मेली. तारीख बघा! तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आपण दर १४ एप्रिलला मिरवणूक काढतो, काढलीच पाहिजे. पण गोदीतल्या त्या मेलेल्यांसाठी एक मिनिट थांबायला काय हरकत आहे?

नोकरी सोडणं हा शब्द आपल्याला नवा नाही. महारकी ही पण नोकरीच होती. रात्री-अपरात्री हाक आली की सगळ्या घरानं धावायचं, त्याबदल्यात वतनाचा तुकडा आणि बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. ते वतन कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. वतन सोडा म्हटल्यावर आपल्यातलेच कितीतरी घाबरले, भाकर जाईल म्हणाले. त्यांना मी हसत नाही. एकट्यानं सोडलं असतं तर गावानं त्याला चिरडलाच असता. जिथं अख्ख्या वस्तीनं एकदम हात झटकले तिथं गावाची पंचाईत झाली. २०१६ साली उन्यात आपल्या पोरांना चाबकानं फोडलं, तेव्हा गुजरातमधल्या दलितांनी हेच केलं. सुरेंद्रनगरला मेलेली ढोरं नेऊन कलेक्टर कचेरीसमोर टाकली. तुमची माय आहे ना, तुम्हीच उचला!

म्हणून जे काम जात बघून गळ्यात घातलंय ते सोडायचंच. कधी, हा प्रश्नच नाही. फक्त कुणाबरोबर, एवढंच ठरवायचं. बाकीच्या कामाचं तसं नाही. तिथं आधी संप. संप म्हणजे नोकरी न सोडता काम सोडणं. ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात स्वतंत्र मजूर पक्षाचे लोक लाल बावट्यावाल्यांबरोबर रस्त्यावर उतरले, ते हाच हक्क राखायला. माणसाला मनाविरुद्ध राबवणं ही गुलामी, असा बाबासाहेबांचा त्या बिलावरचा मुद्दा होता. १९८२ च्या आशियाड मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट त्याच्याही पुढं गेलं. भुकेपोटी किमान वेतनाहून कमीवर राबावं लागणं ही पण वेठच, म्हणालं. मग आमचा ठेकेदार कोण? वेठबिगारीवाला. कोर्टाच्या भाषेत सांगतोय, शिवी देत नाही.

आणि सोडायचीच वेळ आली तर रागाच्या भरात पगाराच्या आदल्या दिवशी पिशवी उचलून चालू लागू नका. पीएफचा नंबर खिशात पाहिजे. पाच वर्षं भरायला दोन महिने उरले असतील तर दात-ओठ खाऊन भरा, ग्रॅच्युइटी तुमच्या घामाची आहे. टोळीतल्या चौघांना आधी सांगा.

आमच्यातला एकजण पुढच्या महिन्यात जातोय. पाठ कामातून गेली त्याची. मी त्याला थांब म्हणणार नाही. त्याची वही तेवढी मागून घेतलीय. तीन वर्षांच्या पाळ्या, तारखा, कुठल्या दिवशी किती कापले, सगळं त्यानं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. सोमवारी आम्ही सातजण ती घेऊन लेबर ऑफिसला चाललोय.