खाडीला आई म्हणून भागायचं नाही

जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात आणि दुपारी पावसामुळे घराबाहेर पडवत नाही. त्या दोन महिन्यांत आपल्या मुलखातली एखादी तरी कादंबरी वाचा, असं सिंधुदुर्गातल्या बायांना आणि बाप्यांना सांगायला हे लिहिते आहे. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर, वेंगुर्ल्याचं नगर वाचनालय, मालवणचं नगर वाचन मंदिर ही काही आजकालची ग्रंथालयं नव्हेत. तिथली पुस्तकं तुमचीच आहेत. फक्त वाचताना एक प्रश्न जवळ ठेवा: या गोष्टीत पाण्याला, मातीला, झाडाला, माशाला रोज हात कुणाचा लागतो, आणि त्यांचं काय करायचं ते ठरवतं कोण?

सुरुवात घरातूनच करू. चिं. त्र्यं. खानोलकर तेंडोलीचे, १९३० साली बागलांच्या रायीत जन्मलेले. त्यांच्या कादंबऱ्यांत रान, पाऊस, समुद्र, काळोख हे मागचे देखावे नसतात, माणसांइतकेच ते हलतात, बोलतात, छळतात. ‘कोंडुरा’ १९६६ ची. श्याम बेनेगलांनी १९७८ मध्ये तिच्यावर चित्रपटही केला. गोष्टीतल्या पुरुषाला समुद्राकाठी साक्षात्कार होतो आणि एक मुळी मिळते, गर्भ पाडणारी. गावातलं पाप निपटायचं काम त्याच्यावर आलं आहे, असं तो धरून चालतो. पुढे काय होतं ते पुस्तकात वाचा. मी फक्त मुळीकडे बोट दाखवते. कुठल्या पाल्यानं पोट सुटतं, कुठल्यानं दूध येतं, बाळंतिणीला कुठला काढा द्यायचा, हे आपल्याकडे सुईणींना ठाऊक असायचं. रानातलं हे ज्ञान बायांच्या ओच्यात असायचं. कादंबरीत ते दैवी देणगी होऊन पुरुषाच्या मुठीत येतं आणि बाईच्या देहावर चालवलं जातं. तिला कुणी विचारत नाही. खानोलकरांनी हे मुद्दाम केलं की त्यांच्या हातून आपोआप झालं, यावर पंडितांनी वाद घालावा. मला वाटतं, गावात सत्ता कशी सरकते हे त्यांना नेमकं दिसलं होतं.

आता जरा खाली, केरळच्या किनाऱ्यावर जाऊ. तकळी शिवशंकर पिळ्ळे यांची ‘चेम्मीन’ १९५६ ची, पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६५ साली तिच्यावर चित्रपट निघाला आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक घेऊन आला. पुस्तक मिळालं नाही तर चित्रपट बघा, मालवणात बसून बघताना तो परका वाटणार नाही. करुत्तम्मा ही कोळ्याची मुलगी. तिचा जीव परीकुट्टी या मुसलमान व्यापाऱ्यावर, लग्न होतं पळणीशी. त्या किनाऱ्याची समजूत अशी की नवरा समुद्रात असताना बायको किनाऱ्यावर शुद्ध राहिली तरच समुद्रमाता त्याला परत पाठवते. शेवटी पळणी समुद्रातच राहतो, आणि करुत्तम्मा आणि परीकुट्टी दोघं मेलेली किनाऱ्याला लागतात.

कादंबरी मोठी आहे, तिच्यातलं दुःख खरं आहे. पण तिचा हिशेब पुन्हा तपासा. करुत्तम्माचा बाप चेंपनकुंजू होडी आणि जाळ्याच्या हावेपायी परीकुट्टीचे पैसे बुडवतो, आणि समुद्राचा कोप मात्र मुलीच्या वागण्याशी बांधला जातो. हाव पुरुषाची आणि निसर्गाचं बिघडलेलं खातं बाईच्या नावावर! आज आपल्या किनाऱ्यावर बांगडा का आटला, असं विचारलं तर कुणी एखाद्या बाईच्या चारित्र्याकडे बोट दाखवणार नाही. पर्ससीन, एलईडी दिव्यांची मासेमारी, परराज्यांतले ट्रॉलर ही नावं शाळकरी पोरंही घेतील. पर्ससीनवर निर्बंध घालणारा राज्य सरकारचा आदेश ५ फेब्रुवारी २०१६ चा आहे, आणि रापणकरांचं त्यावरचं भांडण अजून निवलेलं नाही. एवढं शहाणपण आलं, हे बरंच झालं. पण जुन्या समजुतीचं दुसरं टोक तसंच शिल्लक आहे. बाईला दोष देणं थांबलं तरी तिला विचारणं काही सुरू झालेलं नाही.

रापण ओढून झाली की वाळूत वाटे पडतात. लिलाव करणारी, पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव जाणारी, उरलेल्या मासळीला मीठ लावून सुकवणारी बाईच असते. कुठला मासा कुठल्या महिन्यात लहान यायला लागला, कुठला दिसेनासाच झाला, हे तिला बाजारात कळतं, कारण तिथं गिऱ्हाईक तोंडावर सांगतं. ‘दर्यात पाणी आसा गे बाय, मासो खंय आसा?’ हे मालवणच्या मासळीबाजारात तुम्ही ऐकलं नसेल तर तुम्ही तिथे फक्त भाव करायला जाता. कर्लीच्या खाडीत सुकतीला मुळे, तिसऱ्या काढणाऱ्या बायांचंही तेच. पायाच्या अंगठ्याला वाळू कशी लागते त्यावरून शिंपला आहे की नाही हे त्यांना समजतं. सक्शन पंपानं वाळू उपसली की तळच जातो, आणि तळ गेला की शिंपल्याची वस्तीही जाते. हे सांगायला शास्त्रज्ञ लागतो, असं आपण उगाच धरून बसलो आहोत.

इथं थोडं थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण व्याख्यानांतून उलटंच कानावर येतं. ‘स्त्री म्हणजे निसर्ग, ती जन्मजातच धरणीला जवळची’ हे मला पटत नाही. वंदना शिवा यांचं ‘स्टेइंग अलाइव्ह’ १९८८ साली आलं. चिपकोच्या बायांचा दाखला देत त्यांनी निसर्गातल्या स्त्रीतत्त्वाची मांडणी केली आणि ती जगभर गाजली. बीना अग्रवाल यांनी चारच वर्षांत तिला हरकत घेतली. बाईचं रानाशी नातं तिच्या रक्तातून येत नाही, कामातून आणि मालकीतून येतं. सरपण आणि पाणी आणायचं काम तिच्या गळ्यात पडलं म्हणून रान तुटलं की आधी तिला कळतं, आणि जमीन तिच्या नावावर नाही म्हणून ते तुटताना तिला कुणी विचारत नाही. मी अग्रवालांच्या बाजूची. खाडीत कमरेइतक्या पाण्यात वाकलेली बाई काही निसर्गपूजा करत नसते, ती पोरांच्या फीचे पैसे जमवत असते. आणि वाळूच्या डंपरचा हप्ता ज्या घरात येतो, त्या घरातही बायका असतात.

आपल्या गावांत तर हा पेच देवळातच दिसतो. सातेरी म्हणजे वारूळ, भूमीच. गावाची मालकीण ती. तिच्या राईतली फांदी तोडायला माणसं अजून कचरतात, आणि त्या भीतीमुळे कितीतरी देवराया टिकल्या, हे नाकबूल करायचं कारण नाही. पण देवळातल्या मानापानाची आणि जमिनीच्या सातबाऱ्याची नावं वाचून बघा. देवी बाई, मानकरी पुरुष.

खाणींचं सांगायचं तर पुंडलीक नायक यांची ‘अच्छेव’ ही कोंकणी कादंबरी शोधा. ती १९७७ ची, गोव्यातल्या खाणपट्ट्यातली. शेतीवर जगणाऱ्या गावात खाण येते. पंढरी, त्याची बायको रुक्मिणी, त्यांची मुलं असं एक साधं घर. खाणीचा पैसा आधी बैलगाडीला कामाला लावतो, मग माणसांना, मग घरातली नाती सुटी होत जातात. रुक्मिणीला नायक देवी करत नाहीत. तिला हौस आहे, मोह आहे, ती चुकते. म्हणून मला ती करुत्तम्मापेक्षा खरी वाटते. तिच्या गावावरून लाल धुळीचा जो वारा गेला, तोच रेडीवरून आणि दोडामार्गातल्या कळण्यावरून गेला. जुलै २०२१ मध्ये कळण्याच्या खाणीत साठलेलं पाणी कड फोडून बाहेर आलं आणि चिखल शेताबागांत शिरला. माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाटाचा अहवाल त्याच्या दहा वर्षं आधीचा, अच्छेव चव्वेचाळीस वर्षं आधीची. अहवाल निदान भांडणापुरता तरी उघडला गेला. कादंबरी शेजारच्या गावची असून आपल्या कपाटांत नव्हती.

मल्याळम लेखिका सारा जोसेफ यांची ‘आथी’ इंग्रजीतून ‘गिफ्ट इन ग्रीन’ म्हणून वाचता येते. खाजणाच्या बेटावर कुमारन नावाचा गावचाच माणूस शहरात पैसा करून परततो आणि पाणी बुजवायला घेतो. मुंबईहून गाडी घेऊन येणारा, ‘काका, पडीक वरकसच तर आहे’ म्हणत अंगणात बसणारा ओळखीचा माणूस तुम्ही पाहिला असेल, तर कुमारनची ओळख करून द्यायला नको. अशा वेळी कागद कुणापुढे येतो? सासरी गेलेल्या बहिणींपुढे, हक्कसोड म्हणून. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा आहे. भावाचं मन राखायला सही करायची असेल तर करा, पण ती जमीन पुढे कुणाच्या हाती जाणार आहे, तिच्यातून व्हाळ जातो का, पाणंद जाते का, हे विचारून मग करा. ‘तुका काय कळता त्यातला’ असं कुणी म्हणालं, तर त्या दिवशी सही करूच नका.

सिंधुदुर्गावरची कथा-कादंबरी चांगली आहे, अजून लिहिली जाते आहे. प्रवीण बांदेकरांची ‘चाळेगत’ वाचा, ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ वाचा. दुसरीला २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे आणि पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांचा संदर्भही. खोट मला एकच दिसते: खाडीत उतरलेल्या बाईनं स्वतः लिहिलेलं जवळजवळ काही नाही. रत्नागिरीकडे उर्मिला पवारांचं ‘आयदान’ आहे, २००३ चं. कादंबरी नव्हे, आत्मकथन. गावातून लाकडं, गवत, आंबे डोक्यावर घेऊन रत्नागिरीच्या बाजारात चालत जाणाऱ्या दलित बायांची वाट त्यात आहे. निसर्ग कसा दिसतो हे त्या बायांच्या मानेला विचारा. डोंगर सुंदर असतोच, पण ओझं घेऊन चढताना त्याची लांबी आधी कळते. असं पुस्तक मालवणीत, कालवं फोडणाऱ्या एखाद्या काकीच्या तोंडून यायला हवं.

ते आपोआप येणार नाही. घरात आये, आजये, मावशी असेल तर तिच्याजवळ मोबाईल ठेवून बसा आणि तिला बोलू द्या. प्रश्न साधे विचारा. लहानपणी व्हाळात कुठपर्यंत पाणी असायचं, कुठला मासा पेजेबरोबर रोज असायचा, कुठल्या झाडाचा पाला कशाला लागायचा, उधाणाचं पाणी कुठल्या माडापर्यंत यायचं. ती म्हणेल, ‘माका काय येता सांगूक!’ तरी बसून राहा. मालवणीतच उतरवा, शुद्ध करायला जाऊ नका. बाई शुद्ध बोलायला लागली की मासळीची नावं विसरते.

मग ते कागद पंचायतीत न्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी, आणि २००४ च्या नियमांत त्या समितीतल्या नेमलेल्या सदस्यांत निदान एक तृतीयांश बायका धरल्या होत्या. तुमच्या गावची नोंदवही मागून बघा. कित्येकदा ती बाहेरून माणूस आणून भरलेली असते, एका गावची दुसऱ्या गावाला चिकटवलेली. मुळ्यांची जागा तिच्यात आहे का? सुईणीचा पाला? नसेल तर भर घालायला सांगा. उद्या एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली तर ‘इथे काहीच नव्हतं’ म्हणणाऱ्यापुढे ठेवायला गावचाच कागद असेल. ऐन वेळी गोळा करू म्हटलं तर जमत नाही, सुनावणीच्या नोटिशीला मुदत तीस दिवसांची असते.

हे जमणारं काम आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका २०१७ पासून होडीतून कांदळवन दाखवतात. पाहुण्याला झाडं, खेकडे, पक्षी दाखवणाऱ्या या बायांना त्याचे पैसे मिळतात. तिथे बाई कुणाची माता नाही की देवी नाही, जाणकार आहे.

एवढंच करा की पुस्तकावर बोलायला किंवा नोंदवही भरायला बैठक ठेवाल तेव्हा आधी सुकती कधी आहे ते बघा, आणि लिलावाची वेळ टाळा. सकाळी अकराला बोलावलंत तर सरपंच येतील, मास्तर येतील, पण ज्यांचं ऐकायचं आहे त्या बायका त्या वेळी पाण्यात असतील.