पुढे ढकलता न येणारे उपचार

२४ मार्च २०२०च्या रात्री कोविडच्या साथीमुळे देश बंद झाला, तेव्हा ‘तातडीचे नाही ते पुढे ढकला’ हा रुग्णालयांचा पहिला नियम ठरला. बहुतेकांसाठी तो योग्यच होता. हर्नियाची साधी शस्त्रक्रिया सहा महिन्यांनी झाली तरी सहसा निभावते. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाचे सहा महिने मात्र कायमचे जातात.

हा आजार जवळजवळ मुलग्यांनाच होतो. स्नायू टिकवणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन शरीरात तयार होत नाही. उपचार नसतील तर दहा-बारा वर्षांच्या आसपास चालणे थांबते. बहुतेकांच्या हाती असते ते एवढेच: स्टिरॉइड, रोजचे ताणाचे व्यायाम, रात्रीचे स्प्लिंट, हृदय आणि फुप्फुसांची ठरावीक तपासणी. यातले काहीच तातडीचे वाटत नाही. पण टाचा आखडल्या की मूल चवड्यांवर चालते, पडते. त्यात पाय मोडून काही आठवडे अंथरुणात गेले, तर पुष्कळदा ते पुन्हा उभे राहत नाही. आणि २०२० साली त्या मुलाची शाळा बंद होती, फिजिओथेरपीची ओपीडी बंद होती आणि कर्जत-पालघरहून मुंबईच्या रुग्णालयात आणणारी लोकलही बंद होती.

औषधांची दुकाने उघडी होती, हे खरे. पण तालुक्याच्या दुकानात डिफ्लाझाकोर्ट हे स्टिरॉइड मिळेलच असे नाही, आणि दीर्घकाळ चाललेले स्टिरॉइड अचानक थांबवता येत नाही. शरीराने स्वतःचे संप्रेरक बनवणे कमी केलेले असते. गोळ्यांत खंड पडला की रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते.

टेलिमेडिसिनचे नियम २५ मार्चलाच आले. त्यांचा फायदा झालाच; व्हिडिओ कॉलवर बघून आईला ताणाचे व्यायाम शिकता येतात. फोनवरून हृदयाची इको तपासणी मात्र होत नाही. एसएमए (स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी) असलेल्या मुलांना दर चार महिन्यांनी पाठीच्या कण्यातून देण्याचे न्युसिनर्सेन हे औषधही घरी देता येत नाही.

सर्वांत मोठी भीती दुसऱ्या लाटेतली. श्वासाचे स्नायू दुबळे असलेल्या मुलाला नुसता ऑक्सिजन लावला, तर ऑक्सिमीटरवरचा आकडा सुधारतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत राहतो. त्याला हवा आत ढकलणारे बायपॅप लागते. हे घरचे लोक जाणतात, रात्रीतून किती वेळा कूस बदलावी लागते हेही. कोविड वॉर्डात नेमके तेच दाराबाहेर थांबवले जात होते. संसर्ग टाळायचा म्हणून केलेला हा नियम या मुलांच्या बाबतीत क्रूर होता, असे मला स्पष्ट वाटते.

दिव्यांग हक्क कायदा २०१६च्या यादीत मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावानिशी आहे, आणि त्याच कायद्याचे कलम ८ आपत्तीत दिव्यांगांना समान संरक्षण देते. तेव्हा प्रत्येक जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात या मुलांची यादी हवी, फिजिओथेरपी अत्यावश्यक सेवांत हवी आणि वॉर्डात एका पालकाला मुलाजवळ राहण्याची परवानगी हवी. साथ आल्यावर हे ठरवू म्हटले, तर पुन्हा उशीर होईल.

ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी साथीची वाट न पाहता एक कागद करून ठेवावा. आजाराचे नाव, स्टिरॉइडचा डोस आणि तो अचानक थांबवू नये ही सूचना, बायपॅपचे सेटिंग, बायपॅपशिवाय नुसत्या ऑक्सिजनवर ठेवू नये ही ताकीद, सगळे त्यावर लिहा. खाली आपल्या डॉक्टरांची सही घ्या आणि एक प्रत शेजाऱ्यांकडेही द्या.