जहाजाबाहेरची रात्र

सिंगापूरहून निघून हाँगकाँगला पोहोचणाऱ्या दोन आठवड्यांच्या जलसफरीचे माहितीपत्रक उघडले, की त्यात 'बँकॉक' हे नाव ठळक अक्षरांत छापलेले असते. जहाज मात्र बँकॉकला जात नाही. मोठी जहाजे लाएम चाबांग नावाच्या बंदराला लागतात आणि तेथून बँकॉक सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर दूर राहते. आमच्या भागातल्या वाचकांना समजेल असे सांगायचे, तर प्रवाशाला लातूरला उतरवायचे आणि नांदेड दाखवतो म्हणायचे, तसा हा प्रकार आहे. हनोईसाठी जहाज हालाँगच्या उपसागरात थांबते, बीजिंगसाठी तिआन्जिनच्या बंदरात. तिथली अंतरे याहून थोडी जास्तच.

मग प्रवाशापुढे दोन वाटा असतात. सकाळी बसने शहरात जाऊन संध्याकाळी जहाजावर परतायचे, किंवा मुक्कामाची सहल घ्यायची. दुसऱ्या प्रकारात शहरातले हॉटेल, गाइड, बस सारे जहाजवाले ठरवतात आणि दुसऱ्या दिवशी परत आणून सोडतात. ही सहल महाग असते. शिवाय जहाजावरच्या खोलीचे पैसे आपण आधीच भरलेले असतात आणि त्या रात्री ती खोली रिकामी राहते. उभी हयात बँकेत काढलेल्या माणसाला हा हिशेब चटकन दिसतो : एका रात्रीसाठी दोन बिछान्यांचे भाडे. आपली बहुतेक निवृत्त मंडळी येथेच मागे फिरतात. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या पैशांवर ही हौस चाललेली असते, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

तरीही माझे मत असे, की काटकसर इतरत्र करावी, येथे करू नये. मात्र जी रात्र विकत घेतली, ती पदरात पडली पाहिजे. आणि नेमकी तीच पडत नाही.

दिवसा जे पाहायचे, ते एका दिवसाच्या सहलीतही दिसते. 1782 साली बांधायला घेतलेला राजवाडा, त्याच्या आवारातले पाचूच्या बुद्धाचे देऊळ, वाट फोमधला 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध. पाचूचा म्हणतात तो बुद्ध प्रत्यक्षात हिरव्या जेड जातीच्या दगडाचा आहे, उंची जेमतेम दोन फुटांच्या वर, आणि ऋतू बदलला की त्याची वस्त्रे राजा स्वतः बदलतो. त्या आवाराच्या भिंतींवर सारे रामायण चितारलेले आहे. आपल्याकडच्या मारुतीभक्ताने तेथे जरा जपून चालावे, कारण थायलंडच्या रामायणातला हनुमान ब्रह्मचारी नाही. असो. हे सारे डोळे भरून पाहिले तरी दुपारी तीनला आटोपते. मुक्कामाच्या सहलीत जास्तीचे मिळते ते दोनच गोष्टींत : रात्र आणि पहाट.

त्या रात्रीचे सहलवाले काय करतात? आमच्या गटाचा कार्यक्रम असा होता. साडेसहाला हॉटेल. साडेसातला जेवण, जेवताना समोर रंगमंचावर नृत्य. साडेनऊला खोलीच्या किल्ल्या हातात, आणि 'उद्या सकाळी सातला नाश्ता, शुभरात्री!' त्यानंतर पुरुषांपैकी काहीजण 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून लिफ्टने खाली गेले. त्यांना कोणी अडवले नाही. बायका सतराव्या मजल्यावरच्या खिडकीतून खालचे दिवे पाहत राहिल्या.

आमच्या गटातल्या चौघीजणी मात्र अडून बसल्या. त्यांत आमची सौ. होती, एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि एक बाई अशा होत्या, की त्यांचा पासपोर्ट याच सहलीसाठी पहिल्यांदा निघाला होता. कोणाकडून तरी त्यांनी फुलबाजाराचे नाव ऐकले होते. तो बाजार, पाक ख्लोंग तलात, नदीकाठी आहे, चोवीस तास चालतो आणि त्याला खरा रंग चढतो तो मध्यरात्रीच्या सुमारास. गाइड आधी म्हणाला, हे कार्यक्रमात नाही. मग म्हणाला, माझी वेळ संपली आहे, आता माझ्या वेळात नेतो. त्याने दोन टॅक्सी केल्या. आम्ही दोघेतिघे पुरुष मागच्या टॅक्सीत.

झेंडूचे ढीग, मोगऱ्याच्या कळ्यांनी भरलेल्या पिशव्या, कमळाच्या मिटलेल्या कळ्यांच्या जुड्या, बर्फात ठेवलेली ऑर्किड. त्या ढिगांच्या मध्ये बसून लांब सुईने माळा ओवणाऱ्या बायका. मराठवाड्यातल्या बाईला राजवाड्यात गाइड लागतो, येथे लागत नाही. पहिल्यांदाच पासपोर्ट काढलेल्या त्या बाईंच्या शेतात दसऱ्याला झेंडू असतो. त्यांनी बोटांवर भाव विचारला, विक्रेतीने गणकयंत्रावर आकडा दाबून दाखवला, बाईंनी मनातल्या मनात किलोचा हिशेब केला आणि आम्हाला ऐकू येईल असे म्हणाल्या, "आपल्याला आडतवाला एवढा कधी देत नाही बघा!" मुख्याध्यापिकाबाई ओवणाऱ्या बाईंच्या शेजारी पाटावर बसल्या आणि दोन माळा ओवून उठल्या. एक वाजता आम्ही परतलो. पहाटे साडेपाचला त्याच चौघी खाली फाटकाशी उभ्या होत्या. भगवी वस्त्रे पांघरलेले भिक्खू अनवाणी येतात, कोणी न बोलता त्यांच्या पात्रात भात घालते, ते ओळीने पुढे जातात. दिवसाच्या सहलीची बस जहाजाच्या धक्क्यावरून निघते, तोवर हे आटोपलेले असते.

मी यावर एवढे का लिहितो आहे? आमच्याकडे लातूर-नांदेड रस्त्यावर माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. त्या यात्रेच्या रात्रीचे वर्णन आमच्या पिढीच्या कोणत्याही पुरुषाला विचारा : जनावरांचा बाजार, तमाशाच्या राहुट्या, कंदिलांच्या उजेडात चाललेली उलाढाल. तेच घरातल्या बाईला विचारा. ती तीन दगडांची चूल, बैलगाडीखालचे अंथरूण आणि पोराला आलेला ताप सांगेल. दोघांची यात्रा एकच, रात्री दोन. आमच्याकडच्या बाईने देवाच्या निमित्ताने रात्र पाहिली आहे. पंढरपूरची एकादशी पाहिली, तुळजापूरचे नवरात्र पाहिले. पण काही निमित्त नसताना, कोणाचे ताट वाढायचे नसताना, दिव्यांच्या रस्त्यावरून नुसते चालायचे, हे साठीपर्यंत तिच्या वाट्याला येत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला सुरक्षिततेचा. तो खोटा नाही. गुडघे दुखतात, साखरेच्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या असतात, भाषा येत नाही. पण त्यासाठीच तर गाइडचे पैसे भरलेले असतात. दुसरा आक्षेप उघड बोलला जात नाही. 'बँकॉकला गेला होता' हे आपल्याकडे डोळा मिचकावून सांगितले जाते, आणि म्हणून ते शहर रात्री बायकांनी पाहण्याजोगे नाही, असे परस्पर ठरून जाते. त्या शहरात तसलेही रस्ते आहेत. पण काही पुरुषांच्या पायांनी एका शहराची बदनामी व्हावी आणि त्याची शिक्षा बायकांनी खोलीत बसून भोगावी, हा न्याय मला समजलेला नाही.

फुलबाजारातून त्या मुख्याध्यापिकाबाईंनी नातीला फोन लावला होता. बँकॉकचे घड्याळ आपल्या दीड तास पुढे. तिथे साडेअकरा वाजले होते, लातूरला दहा. नात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी वसतिगृहात राहते. अशा हजारो मुली लातूरमध्ये आहेत. तिच्या वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी साडेसातला बंद होते. मुलांच्या वसतिगृहाचे दहाला. आजीने मोबाइल फिरवून सारा बाजार दाखवला, आणि नातीने पहिला प्रश्न विचारला तो फुलांबद्दल नव्हता. "आजी, तुला सोडलं कोणी?" असे तिने विचारले.

तेव्हा ज्यांनी अशी सहल ठरवली आहे, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी कचेरीत बसून चार गोष्टी विचाराव्यात. हॉटेल शहराच्या कोणत्या भागात आहे? नदीकाठी की विमानतळाच्या रस्त्याला? रात्रीच्या जेवणानंतर गाइड किती वाजेपर्यंत बरोबर राहील आणि जास्त थांबल्यास त्याला वेगळे किती द्यायचे? पहाटे बाहेर पडता येईल का, की नाश्त्याशिवाय दार उघडणार नाही? माळकरी मंडळींनी 'जे' हा शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो आणि तेथे मांस-मासळी, अंडे तर नसतेच, कांदा-लसूणही नसतो. आणि सहल जहाजवाल्यांकडूनच घ्यावी. त्यांच्या बसला उशीर झाला तर जहाज खोळंबते, स्वतः केलेल्या टॅक्सीसाठी ते थांबत नाही.