वॉटसनचा वाटा

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत ॲडमिरल चार्ल्स वॉटसनचे भव्य संगमरवरी स्मारक आहे. ईस्ट इंडिया कंपनीने उभारलेल्या या स्मारकावर त्याच्या पराक्रमाची तीन ठिकाणे कोरली आहेत : घेरिया, कलकत्ता आणि चंद्रनगर. यातले घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. १७१४ साली जन्मलेला वॉटसन पोरवयातच आरमारात शिरला, फ्रेंचांशी लढून नावारूपाला आला आणि १७५४ मध्ये हिंदुस्थानाकडे निघाला, तोही फ्रेंचांना शह देण्यासाठी. विजयदुर्गाची वाट त्याला दाखवली ती आपल्याच लोकांनी. हा किल्ला ज्याच्या हाती होता तो आरमारी सरदार तुळाजी आंग्रे डोईजड झाला म्हणून नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली होती.

१२ फेब्रुवारी १७५६ रोजी वॉटसनच्या तोफा सुरू झाल्या. एका जहाजाने पेट घेतला आणि बघता बघता आंग्र्यांचे सारे आरमार भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. आत सापडलेली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. कोणाला किती, हे मुंबईतच ठरले होते आणि त्यात मराठ्यांचा वाटा नव्हता. पुढे ऑक्टोबरातल्या तहाने किल्ला पेशव्यांना मिळाला, पण बाणकोट कंपनीकडे गेले.

वॉटसनला कपटी ठरवून हे प्रकरण मिटवता येत नाही. पुढे बंगालात, प्लासीच्या कटातल्या अमीचंद सावकाराला फसवण्यासाठी केलेल्या बनावट करारावर सही करायला त्याने नकार दिला होता. कंपनीचा सेनानी क्लाइव्ह याने ती दुसऱ्याकडून करवून घेतली. प्लासीच्या लढाईनंतर दोनच महिन्यांत, १६ ऑगस्ट १७५७ रोजी, वॉटसन कलकत्त्यात वारला. तो आपल्या राजाचा चोख नोकर होता. मराठ्यांचे आरमार कोणासाठी राखायचे, हे ठरवण्याचे काम त्याचे नव्हते.

विजयदुर्गाच्या दक्षिणेला सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांचा मुलूख. आंग्रे बुडाल्याचे त्यांना दुःख होण्याचे कारण नव्हते. पण नऊच वर्षांनी, १७६५ मध्ये, कंपनीने त्यांचा रेडीचा किल्ला घेतला आणि इंग्रज त्यांच्याच पेडणे महालाच्या वेशीवर येऊन ठेपले. दुसऱ्या बाजूने पोर्तुगीज टपलेलेच होते. हळर्ण आणि तेरेखोलवर त्यांनी १७४६ मध्येच झडप घातली होती. १७८१ मध्ये डिचोली घेतली. अशा वेळी वाडीचे राजे खेम सावंत यांनी काय करावे? कोल्हापूरकरांशी भांडण जुंपले म्हणून त्यांनी याच पोर्तुगिजांची मदत घेतली. मोबदल्यात १७८८ मध्ये पेडणे गेले. गोव्याच्या नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर जिंकलेल्या मुलखात, सामील झालेला हा महाल पोर्तुगिजांच्या हातून सुटायला १९६१ चा डिसेंबर उजाडला.

अशा पराभवांचे खापर आपण सहसा फितुरीवर फोडतो. फितूर रात्री दिंडी उघडतो. इथे तर दरबाराने भरदिवसा, शिक्क्यानिशी, दरवाजा उघडला. भाऊबंदकी मिटवायला बोलावलेला परका आपली मजुरी स्वतःच ठरवतो, हे विजयदुर्गाला दिसले होते. तरीही बत्तीस वर्षांनी वाडीने तोच व्यवहार केला. विजयदुर्गावर आणि तेरेखोलवर येणाऱ्यांना इतिहास सांगताना शत्रूच्या तोफा जरूर मोजाव्यात. पण त्या तोफांना आवतण देणारे तहनामेही वाचून दाखवावेत. त्यांवरच्या मोहरा आपल्याच होत्या.