केल्याची जाण

मराठी घरात 'आभार' हा शब्द सहसा उंबरठ्याबाहेर, चपलांपाशीच थांबतो. सभेच्या शेवटी आभारप्रदर्शन होते, बँकेतल्या कर्मचाऱ्याला 'थँक्यू' म्हटले जाते, लिफ्टचे दार धरून ठेवणाऱ्या अनोळखी माणसालाही म्हटले जाते. पण ताटात गरम भाकरी वाढणाऱ्या आईला मुलाने 'आभारी आहे' म्हटले, तर ती आधी चमकेल आणि मग विचारेल, 'मी काय परकी आहे का रे?' तिच्या या विचारण्यात काही चूक नाही. घरातले देणेघेणे मोजायचे नसते, ही जुनी आणि बऱ्याच अंशी शहाणी समजूत त्यामागे आहे.

ही समजूत केवळ आपल्याकडचीही नाही. मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी १९८५ मध्ये दक्षिण भारतातील कृतज्ञतेच्या रीतींवर निबंध लिहिला. तमिळ समाजात उपकाराची दखल तोंडाने नव्हे, तर पुढच्या वागण्यातून घेतली जाते, हा त्याचा रोख होता. पुढे २०१८ मध्ये सिमिऑन फ्लॉइड आणि सहकाऱ्यांनी पाच खंडांतल्या आठ भाषांमधील रोजची, घरगुती संभाषणे तपासली. कोणी काही मागितले आणि समोरच्याने ते दिले, असे हजाराहून अधिक प्रसंग त्यात होते. त्यांपैकी जेमतेम वीसात एका वेळी तोंडी आभार मानले गेले. उठता-बसता 'थँक्यू' म्हणतात अशी ज्यांची ख्याती, त्या इंग्रजी बोलणाऱ्यांतही आपल्या माणसांत हे प्रमाण साधारण सातात एक इतकेच निघाले. तेव्हा घरात आभार मानले जात नाहीत म्हणून नाती कोरडी झाली, असे रडगाणे गाण्याचे कारण नाही.

प्रश्न शब्दाचा नाहीच, लक्षात येण्याचा आहे. 'कृतज्ञ' म्हणजे केलेले जाणणारा. संस्कृत शब्दातही आधी जाणणे आहे, बोलणे नाही, आणि मराठीने तर ते सरळ 'जाण ठेवणे' असे करून टाकले. घरात नेमके हे जाणणेच अवघड होऊन बसते, कारण मेंदूची रचना त्याच्या आड येते.

जे सतत असते, त्याची नोंद घेणे मेंदू हळूहळू थांबवतो. पंख्याचा आवाज पंखा बंद पडल्यावरच कानावर येतो, तसेच सुखाचेही होते. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये यालाच सुखाची चक्कीपट्टी म्हटले. कितीही पळा, माणूस जिथल्या तिथेच. त्यात वाईटाचा ठसा चांगल्याहून खोल उमटतो, हे रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अनेक संशोधनांचा आढावा घेऊन दाखवले. आमटीत मीठ बरोबर पडलेले तीनशे दिवस कोणाच्या स्मरणात राहत नाहीत, मीठ विसरलेली एक संध्याकाळ मात्र वर्षभर निघते. घरकामाची आणखी एक गंमत अशी, की ते नीट झाले तर त्याची खूणच उरत नाही. घासलेली भांडी फळीवर जातात, ओटा रिकामा दिसतो, आणि रिकामा ओटा पाहून 'इथे कोणीतरी काम केले' असे कुणाच्या मनात येत नाही.

याहून बोचरी गोष्ट १९७९ मध्ये कॅनडातल्या मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी मांडली. त्यांनी ३७ विवाहित जोडप्यांतल्या प्रत्येकाला वेगवेगळे विचारले की, न्याहारी करणे, भांडी, मुले, खरेदी अशा कामांतला तुमचा वाटा किती? नवऱ्याचे आणि बायकोचे उत्तर एकत्र केले की बहुतेक कामांत बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जाई. म्हणजे दोघांपैकी निदान एकजण, बहुधा दोघेही, स्वतःचा वाटा फुगवून सांगत होते. ही बढाई म्हणावी, तर 'भांडण उकरून कोण काढते' यासारख्या न मिरवण्याजोग्या गोष्टींतही तोच कल दिसला. कारण साधे होते. स्वतः केलेले माणसाला आठवते, दुसऱ्याने केलेले आठवत नाही, कारण ते होताना तो तिथे नसतो किंवा झोपलेला असतो. पहाटे पाणी आले म्हणून उठून मोटर लावणारा आणि उठून भरलेल्या बादलीत तांब्या बुडवणारा, या दोघांची सकाळ एकच नसते.

आठवड्यातून एकदा बसून घरातल्यांनी काय काय केले ते आठवायचे आणि लिहायचे, या सवयीला वैज्ञानिक आधार मिळतो तो इथे. अमेरिकेतले रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचा २००३ मधला प्रयोग यातला सर्वांत प्रसिद्ध. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाने आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी लिहायच्या, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. असे सुमारे दहा आठवडे चालले. पहिल्या गटाला आपले आयुष्य एकूण बरे चालले आहे असे अधिक वाटू लागले, पुढच्या आठवड्याबद्दल त्यांना जास्त आशा होती, त्यांनी शारीरिक तक्रारी कमी नोंदवल्या. याच संशोधनात पुढे स्नायू आणि मज्जातंतूंचे आजार असलेल्या प्रौढांनी तीन आठवडे रोज अशी नोंद ठेवली, तेव्हा त्यांची झोप सुधारल्याचे आढळले. त्यांच्या मनःस्थितीतला फरक जोडीदारालाही जाणवला.

रोज लिहावे की आठवड्यातून एकदा? सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी सहा आठवड्यांचा एक प्रयोग केला होता. त्यात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचे समाधान वाढले, तीनदा लिहिणाऱ्यांचे वाढले नाही. रोजच्या लिखाणाचा फायदा दिसलेले प्रयोगही आहेत, त्यामुळे हा काही अंतिम निकाल नव्हे. पण कारण पटण्यासारखे आहे. रोज लिहिण्याची रीत झाली की तिसऱ्या दिवशी 'जेवण छान होते' हेच वाक्य पुन्हा वहीत उतरते आणि ज्या सवयीने डोळे उघडायचे, तीच डोळ्यांवर आणखी एक झापड होते. आठवड्याच्या अंतराने आठवायला थोडे कष्ट पडतात. उपयोग बहुधा त्या कष्टांचाच आहे.

आता यात किती सत्त्व आहे, हेही पाहायला हवे, कारण कृतज्ञतेच्या चकचकीत वह्या विकणारा बाजार या संशोधनावर कधीच स्वार झाला आहे. कृतज्ञता लिहिणाऱ्यांची तुलना कटकटी लिहिणाऱ्यांशी केली, तर फरक मोठा दिसतो. साध्या घडामोडी लिहिणाऱ्यांशी केली, की तो आकसतो. २०२१ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठातील दोन संशोधकांनी अशा २७ अभ्यासांची, एकूण ३,६७५ जणांची आकडेवारी एकत्र तपासली. नैराश्य आणि चिंतेवर होणारा परिणाम त्यांना अगदी लहान आढळला. या तक्रारींसाठी याहून परिणामकारक उपचार उपलब्ध असताना वहीवर विसंबू नये, असे त्यांनी स्पष्टच म्हटले. म्हणून ज्याची झोप उडाली आहे, जेवण तुटले आहे, जगणे नकोसे वाटते आहे, त्याला घरातल्या सुखांची यादी करायला सांगणे हे औषध नव्हे. उलट 'इतके सगळे असून मला बरे का वाटत नाही' या अपराधीपणाची त्यात भर पडू शकते. अशा वेळी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही विनामूल्य मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे.

आजारावरच्या उपचारापेक्षा या सवयीचे खरे क्षेत्र नाती हे दिसते. सारा अल्गो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडप्यांनी दोन आठवडे रोजनिशी ठेवली होती. ज्या दिवशी एकाला दुसऱ्याबद्दल कृतज्ञता वाटली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघांनाही नाते अधिक जवळचे वाटले. याच संशोधिकेने पुढे केलेल्या कामातला एक तपशील घरोघरी उपयोगी पडावा. 'बरे झाले, माझी सोय झाली' असे म्हणणाऱ्यापेक्षा 'तू आठवणीने केलेस' असे म्हणणारा समोरच्याला अधिक भिडतो. पहिल्या वाक्यात बोलणारा स्वतःविषयी सांगतो, दुसऱ्यात करणाऱ्याविषयी. आणि मराठी माणसाच्या दृष्टीने सोयीची गोष्ट म्हणजे दुसऱ्या वाक्यात 'थँक्यू' लागतच नाही. 'दोरीवरचे कपडे पावसाआधी काढलेस, लक्ष होते तुझे' एवढे पुरते. मुलगा ओशाळणार नाही, आईही परकी होणार नाही.

नेमकेपणाचे हे शहाणपण शेतकऱ्याला जुनेच ठाऊक आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते. तूप-हळद लावायची ती बैलाच्या खांद्याला, कारण जू तिथे असते. त्याने काय सोसले हे ज्याला कळते, तोच बरोबर त्या जागी हात फिरवतो. आणि दुसऱ्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, हे त्याहून महत्त्वाचे. नुसती झूल पाठीवर घालून, गोड खाऊ घालून पुन्हा नांगराला लावला, तर त्याला पोळा म्हणत नाहीत. अवजारांना खंडेनवमी आहे, बैलाला पोळा आहे. सणाच्या त्या दोन्ही दिवशी पुरणपोळी करणारी मात्र पहाटेपासून चुलीपाशीच असते.

कृतज्ञतेच्या गोड विषयाची ही कडू बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, म्हणजे जवळपास पाच तास. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे घालवत होते. आणि त्या दिवशी असे काही काम केले असे सांगणारे पुरुषच मुळात शंभरात २६ होते, स्त्रिया ८१. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी घराघरातल्या या 'कृतज्ञतेच्या अर्थकारणा'वर लिहिले आहे. कोणते काम देणगी मानायचे आणि कोणते कर्तव्य, हे आधीच ठरलेले असते. नवऱ्याने रविवारी पोहे केले की ते शेजारी कळते, फोटोसह नातेवाइकांच्या ग्रुपवर जाते. बायकोने सोमवार ते शनिवार केलेल्या डब्यांचा फोटो कोणी काढत नाही. 'तुझा नवरा किती मदत करतो, नशीबवान आहेस' हे वाक्य कृतज्ञतेचे नसून वसुलीचे असते. कृतज्ञ राहण्याची जबाबदारीही मग तिच्याच अंगावर पडते.

तेव्हा आठवड्याची ही आठवण सुरू करायचीच, तर ज्याला कमी आठवते त्याने आधी करावी. ज्या घरात धाक आहे, मारहाण आहे, तिथे तर हा विषयच नको. तिथे चांगले शोधायला सांगणे म्हणजे सोसायला सांगणे.

एरवी रीत अगदी सोपी आहे. रविवारी रात्री, सोमवारचे डबे आणि गणवेश डोक्यात शिरण्याआधी दहा मिनिटे काढावीत. एखादी जुनी वही किंवा दिनदर्शिकेची मागची बाजू पुरते. तीन ते पाच नोंदी कराव्यात, आणि प्रत्येकीत माणूस, काम आणि वेळ असावी. 'आई खूप करते' ही नोंद नव्हे. 'बुधवारी आजोबांच्या गोळ्या संपत आल्याचे आईच्या लक्षात आले, तिने त्याच दिवशी आणल्या' ही नोंद. सिलिंडरची नोंदणी, शाळेच्या वहीवरची सही, आजीच्या डोळ्यांतले थेंब, वडिलांच्या निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत घालवलेली सकाळ, लहान बहिणीने न सांगता भरून ठेवलेल्या बाटल्या. लिहिताना हात अडला, तर 'हे झाले नसते तर आठवड्याचे काय झाले असते' असा उलटा विचार करून पाहावा. पुष्कळ कामे त्याच वाटेने सापडतात. लहान मुलांना लिहायला भाग पाडू नये, जेवताना विचारले तरी ती बरोबर सांगतात. मोठ्यांच्या नजरेतून सुटलेले त्यांनी बरेचदा पाहिलेले असते.

यादीतले एक काम त्या माणसाला बोलून दाखवावे. संकोच होईल, पण अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०१८ मधील प्रयोगांत असे दिसले की, कृतज्ञतेचे पत्र लिहिणाऱ्यांना समोरच्याला जितके अवघडल्यासारखे होईल असे वाटत होते, तितके प्रत्यक्षात झाले नाही, आणि आनंद मात्र अपेक्षेहून जास्त झाला.

चार-पाच रविवार झाले, की पाने उलटून नावे मोजावीत. सगळ्या ओळी एकाच नावापुढे आल्या असतील, तर त्या रविवारी सहावी ओळ लिहू नये. त्यातली दोन कामे कोण आपल्याकडे घेणार, हे तिथेच बसून ठरवावे आणि वहीत त्या कामांपुढे नवे नाव घालावे.