हवेची होडी घेतांना

"दिवाळीच्या सुट्टींत मुलांना घेऊन धरणाच्या पाण्यावर जावें, आणि त्यासाठीं दोन माणसांची, फुगवण्याची कयाक घरची असावी, असा बेत ठरत आहे. विक्रेत्याच्या चित्रांत पुढें आई, मागें वडील आणि मध्यें लहान मूल बसलेलें दिसतें. अशी होडी घ्यावी कीं नाहीं, आणि घ्यावी तर कोणती?" असें एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. पत्रांत घरांतील नऊहि माणसांचीं वयें दिलीं आहेत, वजनें मात्र दिलेलीं नाहींत. या विषयांत वयापेक्षां वजनाचा अधिकार मोठा; म्हणून उत्तरास थोडा विस्तार लागेल.

आधीं शब्दाविषयीं. मास्तराची ही खोड वाचकांना ठाऊकच आहे. कयाक हा शब्द उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांचा. लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून केलेली ती शिकाऱ्याची अरुंद नाव. आपण जी विकत घेणार तिला सांगाडा बहुधा नसतोच. आंतील हवा हाच तिचा सांगाडा. तेव्हां वंशावळ पाहूं गेल्यास हिचें नातें त्या कयाकेपेक्षां आपल्या भस्त्रेशीं जवळचें. भस्त्रा म्हणजे कातड्याची पिशवी. लोहाराचा भाता हा त्याच शब्दाचा मराठी वंशज. फुगवलेल्या कातड्यावर नदी ओलांडण्याची युक्ति फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीं नवव्या शतकांतल्या असुर राजाच्या, दुसऱ्या अशुरनासिरपालाच्या, निमरूद येथील शिल्पपटांत ती कोरलेली आहे, आणि आपल्याकडे सतलजेवर जनावराच्या सबंध कातड्यांत हवा भरून लोक पलीकडे जात असत. इंग्रज आरमारांतील पीटर हॅल्केट या अधिकाऱ्यानें १८४० नंतरच्या दशकांत रबरी कापडाचा एक झगा केला. फुगवला म्हणजे नाव, हातांतली काठी म्हणजे वल्हें, आणि छत्री उघडली कीं शीड! उत्तर ध्रुवाकडील प्रवाशांनीं त्याच्या नावा खरोखरच वापरल्या.

आतां मुख्य मुद्दा. खोक्यावर 'दोन माणसांची' असें छापलेलें असतें, त्याचा अर्थ बैठका दोन आहेत एवढाच. ती होडी तुमच्या घरचीं कोणतीं दोन माणसें नेईल, हें त्याच खोक्यावर बारीक अक्षरांत दिलेल्या दुसऱ्या आंकड्यावरून ठरतें. तो म्हणजे जास्तींत जास्त वजन. उदाहरणार्थ, स्वस्तांत मिळणारी इंटेक्स कंपनीची 'एक्सप्लोरर के-२' ही होडी ३१२ सेंटिमीटर लांब, ९१ सेंटिमीटर रुंद, आणि तिची मर्यादा १८० किलो आहे. मर्यादेइतकें वजन घातल्यास होडी बुडणार नाहीं हें खरें. पण ती इतकी खोल बसते कीं वल्हें मारण्यास जोर दुप्पट लागतो आणि बाजूनें आलेली लहानशी लाटहि मांडीवर येते. म्हणून छापील आंकड्याचा तीन-चतुर्थांशच आपला समजावा, असें माझें मत आहे. १८० चा तीन-चतुर्थांश १३५. आतां वडील ७४ किलो आणि आई ६० किलो धरा. झाले १३४. चित्रांतलें तें गोजिरवाणें मूल बसणार कोठें? त्याचें वजन २० किलो, शिवाय पाण्याच्या बाटल्या, डबा, अंगावरील जॅकेटें! मूल चित्रकारानें बसवलें आहे, होडी बांधणाऱ्यानें नव्हे.

मोठी होडी घेतल्यास हें गणित बदलतें. परदेशांत विकल्या जाणाऱ्या 'सी ईगल ३७०' या होडीची लांबी ३८१ सेंटिमीटर आणि मर्यादा सुमारें २९५ किलो आहे. तिचा तीन-चतुर्थांश २२१ होतो, म्हणजे आईवडील, एक मूल आणि शिदोरी एवढें तींत निर्धास्त मावतें. तेव्हां भगिनीस माझें सांगणें असें कीं घरांतील वजनकाट्यावर एकेक माणूस चढवून यादी करावी, आणि ती हातीं घेऊनच दुकानाची पायरी चढावी. लहान होडीच घ्यावयाची असेल तर एक मोठें माणूस आणि एक मूल अशी जोडी ठरवून पाळीपाळीनें जावें. एकत्र कुटुंबास ही व्यवस्था गैरसोयीची वाटण्याचें कारण नाहीं. उलट चारदोन मोठीं माणसें कांठावर राहतात, पाण्यांतल्यांवर त्यांची नजर राहते, आणि प्रसंग पडल्यास दोरी फेंकण्यास हात मोकळे असतात. तीनच माणसांच्या घरास हें सुख मिळत नाहीं.

कापडाविषयीं आणि तळाविषयीं. अगदीं स्वस्त होड्या जाड व्हिनाइलच्या असतात, आणि त्यांत हवेचा दाब चौरस इंचास एक पौंडाच्या आसपासच ठेवावयाचा असतो. मोटारीच्या चाकांत तीस पौंडांच्या आसपास असतो, यावरून कल्पना यावी. असा तळ मऊ राहतो. दोघें बसलीं कीं मध्यें खोलगट होतो, दोन्ही टोकें वर येतात, आणि नावेची पळी होते. दुसऱ्या प्रकारांत आंत हवेच्या पिशव्या आणि वरून चिवट कापडाची खोळ असते. ओरखडे खोळ सोसते. तिसरा प्रकार महाग, पण युक्ति पाहण्यासारखी आहे. आपला गादीवाला गादीला वरून खालपर्यंत टाके घालतो तसे या तळाच्या वरच्या आणि खालच्या पदरांना जोडणारे हजारों धागे आंत विणलेले असतात. त्यामुळें आठ-दहा पौंड दाब भरला तरी तळ फुग्यासारखा गोल होत नाहीं. फळीसारखा सपाट आणि टणक राहतो. सर्वच होडी अशी घेण्याइतका पैसा घालवावा असें मला वाटत नाहीं. बाजू साध्या पण खोळीच्या, आणि तळ तेवढा धाग्यांचा, ही मधली निवड कुटुंबाला पुरे. मात्र कोणतीहि घ्या, हवेचे कप्पे निदान तीन, दोन बाजूंचे दोन आणि तळाचा एक, हे निरनिराळे असलेच पाहिजेत. एक फुटला तरी उरलेले कांठापर्यंत आणतात.

दाबाविषयीं विक्रेते फारसें बोलत नाहींत, आणि होड्या मरतात त्या बहुतेक येथेंच. शाळेंत आपण शिकलों कीं आकार कायम राहिल्यास वायूचा दाब निरपेक्ष तपमानाच्या प्रमाणांत वाढतो. सकाळीं २७ अंश असतांना होडी भरली, म्हणजे निरपेक्ष तपमान ३००. दुपारीं वाळूवर उन्हांत पडून आंतली हवा ४२ अंशांवर गेली, म्हणजे ३१५. वाढ शेंकडा पांच. पांच टक्के म्हणजे कांहींच नाहीं, असें मुलें म्हणतील. पण येथें निरपेक्ष दाब मोजावयाचा असतो. समुद्रकांठीं वातावरणाचा दाब चौरस इंचास १४.७ पौंड आणि वरचा आपला १, मिळून १५.७, त्याचे पांच टक्के जवळजवळ ०.८. म्हणजे एक पौंडाच्या होडींत १.८ पौंड झाले! व्हिनाइल ताणून कांहीं भार हलका करतें, पण तें ताणणें सांध्यांना सोसत नाहीं, आणि जेवण उरकून येईपर्यंत शिवण उसवलेली असते. म्हणून होडी पाण्याबाहेर काढली कीं सावलींत ठेवावी आणि झडपेंतून थोडी हवा सोडावी. याच्या उलट प्रकारहि घडतो. तापलेल्या कांठावर कडक भरलेली होडी गार पाण्यांत जातांच ढिली पडते. ती फुटली असें समजून घाबरूं नये. पाण्यांत दहा मिनिटें बसूं द्यावी, मग कांठाशीं आणून दोनचार पंप अधिक मारावे. दाबमापक नसलेला पंप घेऊं नये, हें या सर्वांवरून लक्षांत येईलच.

आतां पाणी. हवेची होडी हलकी आणि पाण्यावर उंच तरंगणारी, म्हणून तिला खरें भय लाटेपेक्षां वाऱ्याचें. धरणांच्या जलाशयांवर सकाळीं पाणी आरशासारखें असतें आणि दुपारीं वारा उठतो. जातांना वारा पाठीशीं घेतला तर होडी आपोआप चालते आणि सर्वांना आपण निष्णात झाल्यासारखें वाटतें. परततांना तोच वारा तोंडावर आला म्हणजे थकलेल्या हातांनीं कांठ गांठवत नाहीं. यास्तव उजाडतां निघावें, आधीं वाऱ्याच्या तोंडावर जावें, आणि येतांना त्याची मदत घ्यावी. तळाखालीं मागच्या बाजूस बसवावयाची लहान फळी, म्हणजे पर, होडीबरोबर मिळते कीं नाहीं हें अवश्य पाहावें. तिच्याशिवाय रुंद होडी प्रत्येक फटकाऱ्यागणिक तोंड फिरवते आणि निम्मी शक्ति तिला सरळ ठेवण्यांत जाते. होडी रुंद असल्यामुळें वल्हेंहि लांब, २३० ते २४० सेंटिमीटरचें लागतें. आंखूड वल्ह्यानें बोटांचीं सालें होडीच्या कडेवर निघतात.

धरण जलसंपदा विभागाचें असो कीं खाजगी वीजकंपनीचें, तेथें होडी घालण्याची मुभा आहे कीं नाहीं हें आधीं विचारावें. धरणाचा कांठ नदीसारखा उतरत जात नाहीं. चार पावलें गुडघाभर आणि पांचवें पाऊल डोक्यावर, असा प्रकार सर्रास असतो. पाण्याखालीं बुडालेलीं झाडें आणि कोळ्यांचीं जाळींहि असतात. पावसाळ्यांत हा बेतच करूं नये.

कोंकणांत जाणाऱ्यांनीं खाडीची रीत समजून घ्यावी. तारकर्लीजवळ देवबाग ही जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्लीची खाडी. खाडींत भरतीबरोबर वर जावें आणि ओहोटीबरोबर परतावें. पण ओहोटींत खाडीच्या मुखाकडे चुकूनहि जाऊं नये, कारण तेथें पाणी समुद्राकडे ओढतें आणि हलक्या होडीचें तेथें कांहीं चालत नाहीं. भरती रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. म्हणजे घरांतलें पंचांगच येथें उपयोगी पडतें. नवशिक्यांनीं भांगाचे दिवस धरावेत. तिवरांची उभीं मुळें आणि खडकांवरचीं कालवें यांपासून होडी दूर ठेवावी. कालवाची धार सुरीसारखी असते. कांठाशीं आलें कीं उतरून होडी उचलावी, ओढूं नये. या भागांत भाड्यानें कयाक मिळतात, तेव्हां विकत घेण्यापूर्वीं एक सकाळ भाड्याच्या होडींत घालवावी. घरांतील कोणाला ही हौस खरोखर आहे आणि कोणाला ती केवळ चित्रापुरती आहे, हें तासाभरांत कळतें.

जीवरक्षक जॅकेटाविषयीं तडजोड नाहीं. किंमतींत होडी आणि जॅकेटें मिळून पैसे पुरत नसतील तर होडी पुढच्या वर्षीं घ्यावी. मुलाचें जॅकेट त्याच्या वजनाप्रमाणें घ्यावें, "पुढें वाढेल" म्हणून सदऱ्यासारखें मोठें घेऊं नये. परीक्षा सोपी आहे. तें घालून पट्टे आवळावे, मुलाला हात वर करावयास सांगावें, आणि खांद्यापाशीं धरून जॅकेट वर उचलून पाहावें. हनुवटीच्या वर सरकलें तर तें त्याचें नव्हे. दंडावरचे फुगे किंवा ट्यूब यांना जॅकेट म्हणूं नये. "मला पोहतां येतें" असें म्हणणाऱ्या काकांनींहि तें घालावें. नाहींतर मुलें तें कां घालतील?

कोण कोठें बसावें, यावरून घराघरांत मतभेद होतात. मागचें माणूस दिशा सांभाळतें आणि पुढच्याच्या हाताशीं आपला हात जुळवतें; म्हणून जड आणि जाणतें माणूस मागें, हलकें पुढें. ताल पुढचा ठरवतो, मागच्यानें सूचना मोजक्याच कराव्या. इंग्रजी मुलखांत दोघांच्या कयाकेला थट्टेनें घटस्फोटाची होडी म्हणतात, तें या सूचनांमुळेंच. सासू-सुनेनें एकदां एकत्र बसून पाहण्यास माझी हरकत नाहीं. सून मागें असावी.

घरीं आल्यावरचें काम पुरुषमंडळी बायकांवर ढकलतात, तें या खरेदींत आधींच वांटून घ्यावें. खाडीचें पाणी लागलेली होडी गोड्या पाण्यानें धुवावी, सांधे फडक्यानें कोरडे करावे, आणि सावलींत पूर्ण सुकेपर्यंत घडी घालूं नये. ओलसर घडीला बुरशी चढते आणि वास जात नाहीं. माळ्यावर ठेवाल तर उंदरांचा विचार करा. पत्र्याची झांकणाची पेटी असल्यास उत्तम. ठिगळ आणि डिंक बरोबर मिळतात. ठिगळ लावण्यापूर्वीं जागा घासून स्वच्छ करावी, आणि लावल्यावर वजन ठेवून एक रात्र तसेंच राहूं द्यावें. बारीक छिद्र सांपडत नसेल तर साबणाचें पाणी लावावें, जेथें बुडबुडे येतील तेथें खडूनें खूण करावी. हें काम मुलांना द्यावें, तीं तें आनंदानें करतात.