जुनी सायकल भंगारात देऊ नका

जिन्याखाली, गच्चीवर किंवा गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली एखादी जुनी सायकल अजूनही पुष्कळ घरांत सापडते. टायर भेगाळलेले, चेन गंजलेली, घंटी मुकी झालेली. घरात गिअरची नवी सायकल किंवा स्कूटर आली की तिची रवानगी भंगारवाल्याकडे होते आणि तो ती वजनावर घेऊन जातो. यंत्र म्हणून नव्हे, लोखंड म्हणून. माझे म्हणणे असे की, नववी-दहावीतल्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरातून अशी सायकल जाणे म्हणजे घरची प्रयोगशाळा किलोच्या भावाने विकणे होय. ती ठेवून घ्यावी, पूर्ण खोलावी, साफ करावी, गरजेप्रमाणे तिच्यात बदल करावेत आणि पुन्हा रस्त्यावर आणावी. शाळांनीही ह्या छंदाला बाजूला न सारता विज्ञानशिक्षणात त्याला जागा द्यावी.

इथे एक खुलासा करायला हवा. सायकल सजवणे वेगळे आणि सायकल बांधणे वेगळे. रंगीत पट्ट्या चिकटवल्या, आरशांची जोडी बसवली, मडगार्ड काढून टाकले, तर सायकल वेगळी दिसू लागते. आपल्याला मात्र तिच्याविषयी काही नवे कळत नाही. बांधणे म्हणजे एक भाग बदलायचा, बदलाआधी आणि बदलानंतर काहीतरी मोजायचे आणि फरक का पडला ते शोधायचे. पहिला शौक झाला, दुसरा अभ्यास.

सायकलच का? कारण तिच्यात झाकलेले असे फारसे काही नसते. मोबाइल फोन डिंकाने चिकटवून बंद केलेला असतो. उघडलाच तरी आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. सायकलीत जोर पायापासून जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने जातो ते बोटाने दाखवता येते. असे यंत्र आता घरात दुसरे क्वचितच उरले असेल.

खोलल्यावर काय दिसते?

पॅडलपासूनच सुरुवात करा. उजवे पॅडल नेहमीच्या स्क्रूसारखे डावीकडे फिरवले की सुटते. डावे मात्र तसे सुटत नाही. त्याचे आटे उलटे असतात. ते उजवीकडे फिरवावे लागते. असे का? पॅडलमधल्या घर्षणाने आस ओढली जाऊन पॅडल निखळू नये म्हणून, असे उत्तर चटकन सुचते. पण दिशा नीट तपासून पाहा. तशी ओढ बसली असती, तर उलट दोन्ही पॅडले सैल व्हायला हवी होती! खरे कारण वेगळे आहे. अंगठा व तर्जनी जोडून कडे करा, त्यात एक पेन्सिल सैलसर धरा आणि पेन्सिलीचे टोक गोल गोल फिरवा. टोक ज्या दिशेने फिरते, त्याच्या उलट दिशेने पेन्सिल कड्याच्या आतून स्वतःभोवती गडगडते. पायाचा दाब क्रँकच्या भोकात असाच फिरत राहतो आणि पॅडलची आस किंचित किंचित घट्ट होत जाते. एका पान्याने आणि एका पेन्सिलीने समजलेली ही गोष्ट विसरणे कठीण आहे.

आता चाक. जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला बहुधा ३२ आणि मागच्याला ४० आरे असतात. हा फरक कशासाठी, ते तुम्हीच ठरवा. स्वार बसतो कुठे आणि चेन कोणते चाक ओढते, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे. सुमारे दोन मिलिमीटर जाडीची ही तार उभी धरून दाबली तर लगेच वाकते. मग साठ-सत्तर किलोचा माणूस तिच्यावर कसा तोलला जातो? कारण तारा आधीच ताणून बसवलेल्या असतात. वजन पडले की खालच्या तारांचा ताण कमी होतो, एवढेच. मित्राला सायकलीवर बसवा आणि मागच्या चाकाची सर्वांत खालची तार तो बसण्याआधी व बसल्यावर छेडून पाहा. तो बसल्यावर स्वर उतरतो. प्रयोगशाळेतल्या सोनोमीटरवर शिकलेला ताण आणि वारंवारता यांचा संबंध तो हाच. चाकाचा आउट काढणारा कारागीर निपल पाव-पाव फेरा फिरवून हेच गणित हाताने सोडवत असतो.

हब उघडला की वाटी, कोन आणि त्यांच्यामधले छर्रे दिसतात. जुने ग्रीस रॉकेलने धुऊन काढा, झिजलेले छर्रे बदला, नवे ग्रीस भरा. दुकानात ह्या कामाला 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग असला तरी आपल्याकडचे नाव कामाला शोभणारे आहे. पण काम हाती घेण्यापूर्वी एक मोजमाप कराच. शाळेच्या मैदानाकडे येणाऱ्या लहानशा, रहदारी नसलेल्या उतारावर एका ठरावीक खुणेपासून सायकल पॅडल न मारता सोडा आणि ती कुठे थांबते ते टेपने मोजा. दर खेपेस स्वार तोच हवा, टायरमधली हवाही तेवढीच हवी. पाच वेळा मोजून सरासरी काढा. ओव्हरऑइलिंगनंतर पुन्हा पाच वेळा मोजा. घर्षण कमी होते म्हणजे काय, ते आता मीटरमध्ये सांगता येईल.

दातांचा हिशेब

सर्वांत फायद्याचा बदल दातांचा. समजा, पुढच्या चेनव्हीलला ४४ दाते आहेत, मागच्या फ्रीव्हीलला १८ आणि चाकाचा परीघ २.२ मीटर आहे. पॅडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४४ वेळा फिरेल आणि सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाईल. क्रँक १७ सेंटिमीटर लांबीची असेल तर तेवढ्यात पाय मात्र १.०७ मीटरच फिरतो. म्हणजे पायापेक्षा सायकल पाचपट अंतर कापते. आणि ऊर्जा फुकट मिळत नसल्यामुळे पायाला रस्त्यावरील रोधाच्या पाचपट जोर लावावा लागतो. यंत्राने जोर वाचतो असे आपण पाठ करतो. सायकल हे जोर जास्त घेऊन अंतर वाढवून देणारे यंत्र आहे!

आता स्वार व सायकल मिळून ७० किलो आहेत आणि दर २० मीटरला एक मीटर चढ आहे असे धरा. चढाची मागे ओढ सुमारे ३४ न्यूटन. त्यात टायरचा वगैरे रोध ६ न्यूटन मिळवला तर ४० न्यूटन. पायाला सरासरी २०० न्यूटन लावावे लागतील. मागे १८ ऐवजी २० दात्यांचे फ्रीव्हील बसवले तर हाच जोर सुमारे १८० वर येतो. शाळेची वाट चढाची असेल तर हा दहावा हिस्सा रोज जाणवेल. सपाटीवर मात्र तेवढ्याच वेगासाठी पाय अधिक भरभर मारावे लागतील. कोणता बदल 'चांगला', हे सायकल सांगत नाही. तुमचा रस्ता सांगतो. अभियांत्रिकीतला हा पहिला धडा आहे.

छंदातून विज्ञान

हे सारे मुलांचे खेळ आहेत असे कोणाला वाटत असेल तर त्याने इतिहास पाहावा. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट हे बंधू अमेरिकेत डेटन गावी सायकली दुरुस्त करीत, विकत आणि बनवीत. पंखांविषयीच्या उपलब्ध कोष्टकांची शंका आली तेव्हा १९०१ मध्ये त्यांनी एका सायकलीच्या हँडलपुढे तिसरे चाक आडवे बसवले, त्यावर पंखाचा नमुना लावला आणि वारा मिळावा म्हणून ती सायकल जोरात चालवली. मग त्यांनी वातबोगदा बांधला. १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेल्या त्यांच्या विमानाचे पंखे चेन आणि दातेरी चाकांनीच फिरत होते.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली मिळवून त्यांना चांगले ब्रेक व गिअर बसवीत आणि डोंगरउतारावरून सोडीत. १९७६ मध्ये तिथे सुरू झालेल्या एका शर्यतीचे नाव होते 'रिपॅक', म्हणजे पुन्हा ग्रीस भरणे. कारण एका उतारातच ब्रेक असलेल्या हबमधले ग्रीस जळून जाई. ह्याच खटपटीतून डोंगरी सायकल घडली आणि १९९६ साली ऑलिंपिकमध्ये पोहोचली.

मला सर्वांत प्रिय आहे ते उदाहरण डेव्हिड जोन्स ह्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाचे. धावती सायकल पडत का नाही? चाके फिरत असतात म्हणून, असे उत्तर त्या काळी सर्रास दिले जाई. जोन्सने 'चालवताच येणार नाही' अशी सायकल बनवायचे ठरवले. त्याने पुढच्या चाकाशेजारी, जमिनीला न टेकणारे दुसरे चाक बसवून ते उलट फिरवले, म्हणजे फिरण्याचा परिणाम रद्द व्हावा. तरीही सायकल बिनघोर चालली! मग त्याने पुढचे चाक चिमट्यापासून आणखी पुढे सरकवले; ती सायकल सावरणे फार अवघड झाले. हँडलच्या दांड्याची रेघ जमिनीपर्यंत वाढवली तर ती चाक टेकते त्या जागेच्या थोडी पुढे पडते. ह्या अंतराला मोठे महत्त्व आहे, हे त्याने १९७० मध्ये 'फिजिक्स टुडे' मासिकात मांडले. आणि २०११ मध्ये 'सायन्स' ह्या नियतकालिकात काही संशोधकांनी दाखवून दिले की, हे दोन्ही परिणाम काढून टाकलेली दुचाकीदेखील आपोआप तोल सावरू शकते. म्हणजे प्रश्न वाटला त्याहून खोल निघाला, आणि तो पुढे सरकला तो सायकली मोडून जोडल्यामुळे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो रास्त आहे. म्हणून नियम कडक हवेत. सांगाडा कापायचा नाही, त्याला वेल्डिंग करायचे नाही. चिमटा वाकवायचा किंवा लांबवायचा नाही. त्याचे कारण जोन्सने दाखवलेच आहे. ब्रेक कधीही कमी करायचे नाहीत. जोडलेली सायकल रस्त्यावर नेण्यापूर्वी पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरते का ते पाहावे, ब्रेकचे गुटके रिमला पूर्ण टेकतात का ते पाहावे आणि जाणत्या कारागिराकडून एकदा तपासून घ्यावे. पावसाळ्यात ओल्या क्रोमच्या रिमवर ब्रेक कमी धरतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा आक्षेप वेळेचा. ह्याला गुण किती, असे पालक विचारतात. मी महाविद्यालयात शिकवतो. बलाघूर्णाचे उदाहरण बिनचूक सोडवणारी मुले लांब पाना हातात घेतल्यावर तो टोकाला न धरता मध्यावर धरतात. गुण मिळाले, ज्ञान हातापर्यंत पोहोचले नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीतले आकडे शेजारच्या वहीतून उतरवता येतात. जॅम झालेला हब उतरवून घेता येत नाही.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. तो मनात असतो. हात काळे करणे हे शिकलेल्या माणसाचे काम नव्हे, आणि मुलींचे तर नव्हेच, ही ती समजूत. मला ह्या समजुतीची सर्वांत जास्त काळजी वाटते. तिने आपल्याकडे दोन माणसे तयार केली आहेत: एकाला सूत्र येते पण नट सोडवता येत नाही, दुसऱ्याला नट सोडवता येतो पण त्याला कोणी सूत्र शिकवले नाही. ह्या दोघांची गाठ पडल्याशिवाय ह्या देशात नवी यंत्रे घडणार नाहीत. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करता करता शिकावे ह्याच विचाराने. त्या मानाने माझी सूचना फार लहान आहे.

शिक्षकांना विनंती अशी. शाळेत एक जुनी सायकल मिळवा. चौकातल्या सायकल दुकानदाराला महिन्यातून एकदा वर्गात बोलवा. त्याला उपकार म्हणून नव्हे, मानधन देऊन, आणि फळ्याजवळ खुर्ची देऊन. मुलामुलींचे मिळून गट करा. प्रत्येक गटाने एक वही ठेवावी: काय बदलले, आधी किती होते, नंतर किती झाले, का झाले असावे. बदल फसला तरी वहीत नोंद झाली असेल तर काम पूर्ण झाले असे माना.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही शाळेची वाट पाहू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून येत्या रविवारी सायकल उलटी उभी करा आणि पुढचे व मागचे दाते मोजा. चाकाचा परीघ दोरीने मोजा. पॅडलच्या एका फेऱ्यात ती किती पुढे जाईल ते आधी कागदावर काढा, मग अंगणात ढकलून पडताळून पाहा. आकडे जुळले तर आनंद होईल. जुळले नाहीत तर शोधायला काहीतरी मिळाले, म्हणून त्याहून अधिक आनंद व्हायला हवा.